आक्कांचं रजिस्टर

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे मनोगत. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे "श्रद्धांजली, ५ मिनिटं" असं लिहिलंय. पाच मिनिटांत आक्का काही बसणार नाहीत, म्हणून अध्यक्षाताईंची आधीच माफी मागते.

आक्कांचं नाव मी घेणार नाही. त्यांची लेक म्हणाली, "ताई, वार्तापत्रात छापणार असाल तर आक्काच लिहा. नावाने तिला कुणी कधी हाक मारलीच नाही." तेव्हा आक्काच.

तुमच्यातल्या निम्म्या जणींच्या लग्नाचं जेवण आक्कांच्या हाताखालून गेलंय. उरलेल्या निम्म्यांच्या लेकरांच्या लग्नाचं गेलंय. शहरात या कामाला इव्हेंट मॅनेजमेंट म्हणतात, त्याचे कोर्स असतात, मोठी फी असते. आपल्याकडे त्याला "लग्नाचं बघणं" म्हणतात. "लग्नाचं कोण बघतंय?" "आक्का बघतीय." एवढं झालं की नवरीचा बाप रात्री झोपायचा.

आक्का या कामात आल्या त्या पोळ्या लाटायला. नवरा लवकर गेला, पदरात दोन लेकरं, शेती दीड एकर, तीही कोरडवाहू. एका आचाऱ्याच्या हाताखाली रोजाने जायच्या. पोळ्या लाटता लाटता त्यांनी हिशेब शिकून घेतला. शंभर पानांना तांदूळ किती, डाळ किती, उन्हाळ्यात मठ्ठा किती वाढवायचा, वाढपी किती लागतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पुढे गट झाला. गटाने बँकेचं कर्ज काढलं आणि भांडी घेतली. जर्मनची मोठी पातेली, कढया, पराती, झारे, ड्रम, पाचशे ताटं. भांडी भाड्याने द्यायची आणि सोबत जेवणाचं कामही घ्यायचं. मग मंडपवाल्याशी बोलणं आलं, टँकरवाल्याशी आलं, बँजोवाल्याशी आलं. असं करत करत सगळं लग्नच आक्कांच्या हातात आलं.

त्यांचा एक नियम होता. आधी पाण्याचा टँकर ठरवायचा, बाकी सगळं नंतर. आपला हा बालाघाटचा डोंगरपट्टा. एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि लग्नं नेमकी तेव्हाच. २०१६ च्या दुष्काळात आपल्या शेजारी लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. त्या उन्हाळ्यातही आक्कांच्या एकाही मंडपात पंगत पाण्यावाचून उठली नाही, असं गटातल्या ताई अजून सांगतात.

हे सगळं त्या एका रजिस्टरमध्ये लिहायच्या. लाल पुठ्ठ्याचं, लांब रजिस्टर. एक भरलं की दुसरं. मी नोकरीला लागले त्याच्या आधीच आक्कांनी काम सोडलं होतं. गुडघे गेले होते. "मी आता रिटायर," असं हसत सांगायच्या. पण रजिस्टर त्यांच्या उशाशीच होतं.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती पोस्टर घेऊन. समाजकार्याची पदवी नुकतीच झालेली, वय चोवीस, मनात आलं की आता गाव बदलून टाकू. पोस्टर बालविवाहाचं होतं. मुलीचं वय १८, मुलाचं २१. आक्कांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "चांगलंय. कुठं लावणार?"

मी म्हणाले, "ग्रामपंचायतीत."

म्हणाल्या, "लाव. पण सुपारी फुटल्यावर पोस्टर कोण वाचतं गं?"

मला तेव्हा ते लागलं. वाटलं, जुन्या बाई आहेत, यांना कायद्याचं काय कळणार. ते किती चूक होतं ते मला सहा-सात महिन्यांनी कळलं.

झालं असं. एका गावातून मला फोन आला, परवा लग्न आहे, पोरगी दहावीत आहे. मी धावपळ केली. कार्यालयात गेले, कागद केले, माणसं घेऊन हळदीच्या दिवशी त्या दारात उभी राहिले. मंडप पडला होता, पाहुणे आले होते, पोरीच्या अंगाला हळद लागलेली. तिच्या बापाने हमीपत्रावर सही केली. आम्ही फोटो काढून परत आलो. मला वाटलं, जिंकलो. तिसऱ्या दिवशी कळलं की त्याच रात्री गाडीत घालून पोरीला दुसऱ्या तालुक्यात नेलं आणि तिथे देवळात लग्न लावलं. पोरगी शाळेत परत आलीच नाही.

मी रडत आक्कांकडे गेले. त्यांनी चहा केला, मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तू वऱ्हाड निघाल्यावर आलीस माय. त्या बापाचं सगळं देऊन झालं होतं. मंडपाचे पैसे, भांड्याचे पैसे, पाहुण्यांना पत्रिका. त्याला मागं फिरायला तू जागाच ठेवली नाहीस. लग्न मोडायचं नसतं. ठरूच द्यायचं नसतं."

आणि त्यांनी उशाचं रजिस्टर काढलं.

ताईंनो, मी ते रजिस्टर आज इथे आणलंय. हे बघा. प्रत्येक लग्नाला एक पान. पहिल्या ओळीत काय असेल असं तुम्हाला वाटतं? पानं किती? जेवण काय? नाही. पहिल्या ओळीत लिहिलंय, "दाखला पाहिला." आणि त्यापुढे मुलीची जन्मतारीख. त्याखाली मुलाची. मग तारीख, मग टँकर, मग बाकीचं.

हे आधीपासून नव्हतं. जुन्या रजिस्टरात ती ओळ नाही. ती का आली, हे आक्कांनी मला सांगितलं आणि सांगताना त्यांचा आवाज हलला होता. एका लग्नात त्यांनी मुलीचं वय विचारलं. घरच्यांनी आधारकार्ड दाखवलं, त्यावर अठरा पूर्ण. आक्कांनी ऑर्डर घेतली, लग्न थाटात झालं. वर्षभराने तीच पोरगी बाळंतपणाला माहेरी आली. अंगात रक्त नाही, बाळ कमी वजनाचं. दवाखान्यात शाळेचा कागद मागितला तेव्हा कळलं, पोरीला सतरावं लागायचं होतं. बाळ वाचलं नाही.

आक्का म्हणाल्या, "त्या लग्नाची बुंदी मी माझ्या हाताने पाडली होती. मला पंधराव्या वर्षी दिलं, तेव्हा मला कळत नव्हतं. ह्या खेपेला मला कळत होतं, अन् तरी मी नीट बघितलं नाही."

तेव्हापासून आधारकार्ड बंद. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला. शाळा चालू असेल तर मुख्याध्यापकांकडून बोनाफाईड. आणि हे कायद्यालाही धरून आहे बरं. वय ठरवताना शाळेचा कागद किंवा जन्मदाखला धरतात. आधारकार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही. मला हे पुस्तकातून कळलं होतं. आक्कांना कसं कळलं ते तुम्ही ऐकलंत.

"आधी दाखला, मग तारीख." हे त्यांचं वाक्य झालं. लोक चेष्टा करायचे. "आक्का काय शाळेत नाव घालतीय का!" करू द्या म्हणायच्या.

आता एक गोष्ट सांगते. ती मी पाहिलेली नाही, त्यांच्या गटातल्या ताईंनी सांगितली. दिवाळीच्या आधीचे दिवस. तुम्हाला सांगायला नको, दिवाळी झाली की आपल्याकडची निम्मी गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ती एप्रिलपर्यंत. अशाच एका घराची ऑर्डर आली, साडेतीनशे पानांची. आक्कांनी दाखला मागितला. पोरगी नववीत.

बाप वाईट माणूस नव्हता. त्याने सरळ सांगितलं, "आक्का, आम्ही दोघं पाच महिने फडात. म्हातारी आई वारली. वयात आलेली पोरगी घरी कुणाच्या भरवशावर ठेवू? फडावर नेली तर कोपीत काय सुरक्षित हाय? लग्न करून दिली की जबाबदारी तरी संपंल."

आक्का नाही म्हणाल्या. तो म्हणाला, "तुम्ही नाही तर दुसरा मंडपवाला हाय."

इथे गटात भांडण झालं. ते लपवण्यात अर्थ नाही, त्या ताई समोरच बसल्यात आणि हसताहेत. कर्जाचा हप्ता तोंडावर, हंगाम सुरू व्हायला वेळ, आणि साडेतीनशे पानांचं काम हातचं घालवायचं? सचिव ताई दोन महिने आक्कांशी बोलल्या नाहीत. आक्कांनी पुढच्या दोन कामांतला स्वतःचा हिस्सा हप्त्यात भरला. पण भांडी दिली नाहीत.

मात्र नुसतं नाही म्हणून त्या घरी बसल्या नाहीत. हा त्यांचा स्वभाव. लग्नाचं जसं बघायच्या तसं त्यांनी त्या पाच महिन्यांचं बघितलं. पोरगी राहणार कुठे, तर आक्कांच्या घरी, त्यांच्या लेकीसोबत. धान्य किती लागेल, ते बापाने आधीच आणून टाकायचं. शाळेत सरांना कुणी सांगायचं. आईबापांशी बोलायला फोन कुठल्या वारी, किती वाजता. आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेणार. सगळं एका पानावर. बापाने ते पान ऐकून घेतलं आणि गप्प बसला. मग म्हणाला, "एवढं तर मी लग्नाचं बी ठरवलं नव्हतं."

लग्न थांबलं. पोलीस नाही, फोटो नाही, हमीपत्र नाही.

ती पोरगी पाच महिने आक्कांच्या घरी राहिली, पुढच्या हंगामातही राहिली. ती काही कलेक्टर झाली नाही. बारावी झाली, शिवणकाम शिकली, विसाव्या वर्षी स्वतःच्या पसंतीने तिचं लग्न झालं. त्या लग्नात रिटायर झालेल्या आक्का चुलीजवळ खुर्ची टाकून दिवसभर बसल्या होत्या आणि वाढप्यांना ओरडत होत्या. ते मी पाहिलंय. ती आज सभेत आहे. तिचं नाव मी घेत नाही, पण पदर डोळ्याला लावून बसलीय, म्हणजे तुम्हाला कळेलच.

आता आक्कांमधल्या आईबद्दल. हे मला त्यांच्या लेकीने तेरवीच्या दिवशी सांगितलं आणि सांगायची परवानगीही दिली. ती म्हणाली, "ताई, सगळे म्हणतात आक्का गावाची आई. मला लहानपणी त्याचा राग यायचा. गावातल्या सगळ्या पोरींच्या हळदीला ही पुढं, अन् माझ्या शाळेच्या गॅदरिंगला कधी आली नाही. मी नाचायचे अन् समोर दुसऱ्यांच्या आया बसलेल्या."

मग तिने मला हे रजिस्टर उलटं करून दाखवलं. पुढून उघडलं की लोकांची लग्नं. मागून उघडलं की दोन लेकरं. हे बघा, इथे मुलाच्या लसी. इथे शाळेच्या फीच्या तारखा. लेकीचं दहावीचं वेळापत्रक, पेपरावार. आणि मधल्या पानांवर, पुढच्या बाजूला, मार्च महिन्यात तीन आठवडे सगळ्या रकान्यांत एकच शब्द, "बंद". ऐन लग्नसराई, हप्ता डोक्यावर, आणि लेकीची दहावी म्हणून तीन आठवडे एकही तारीख घेतली नाही. लेकीला हे माहीतच नव्हतं. तिला एवढंच आठवत होतं की त्या वर्षी आई रात्री घरी होती आणि पहाटे उठून चहा द्यायची. "तेव्हा मला वाटलं, काम नसंल," असं म्हणाली. ती आज नर्स आहे. मुलाची स्वतःची पिकअप गाडी आहे, गटाची भांडी तोच पोचवतो.

रजिस्टरच्या अगदी शेवटच्या पानावर आक्कांनी लिहून ठेवलंय, "माझं कार्य". पानं ६०. तांदूळ ५ किलो. पिठलं, भाकरी, भात. गोड नको. टँकर लागणार नाही. बँकेत वारस म्हणून दोघांची नावं लावली आहेत, पासबुक डब्यात. भांड्याचं भाडं गटाला देणे, फुकट आणू नये. आणि खाली, पातेली घासून मोजून परत करणे.

मुलाने तसंच केलं. भाड्याची पावती मी पाहिली.

मी आता थांबते, पण एक काम सांगून. नुसती श्रद्धांजली वाहून घरी गेलो तर आक्कांना आवडणार नाही.

२०१९ ते २१ मध्ये सरकारने जी मोठी आरोग्य पाहणी केली, त्यात महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या १०० बायांपैकी सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आपल्या बीड जिल्ह्यात हा आकडा ४० च्या वर आहे. म्हणजे या मांडवात ज्या तरुण ताई बसल्यात, त्यांनी उजवीकडे-डावीकडे बघावं. करोनात, २०२० मध्ये, लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, तेव्हा तर मंडप नाही, पत्रिका नाही, आचारी नाही, घरातल्या घरात पोरी उजवल्या गेल्या. मंडप नव्हता म्हणजे विचारणारंही कुणी नव्हतं.

यातून आक्कांनी मला जे शिकवलं ते हे. लग्नाची बातमी सरकारला सगळ्यात शेवटी कळते. भांडी भाड्याने देणाऱ्या बाईला सगळ्यात आधी कळते. महिनाभर आधी कळते. पोळ्या लाटणारीला कळते, ब्लाऊज शिवणारीला कळते, मंडपवाल्याच्या बायकोला कळते. आणि या सगळ्या कोण आहेत? आपणच आहोत, गटातल्याच आहोत. माझ्या पोस्टरपेक्षा तुमच्या पातेल्याला जास्त ताकद आहे.

कायद्याचंही ऐका. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा फक्त आईबापाला धरत नाही. जो बालविवाह लावतो, घडवून आणतो, त्याला मदत करतो, त्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जेवणाचं काम घेणाऱ्या गटाने हे लक्षात ठेवावं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, अंगणवाडी ताई त्यांच्या मदतीला. आणि १०९८ हा मुलांसाठीचा फोन दिवसरात्र, फुकट चालू असतो. पण तो शेवटचा उपाय. त्याआधीचं काम आपलं.

म्हणून मी तीन गोष्टी मागते.

एक. ज्या गटांकडे भांडी, मंडप, जेवणाचं काम किंवा शिलाई आहे, त्यांनी आपल्या नोंदवहीत पहिली ओळ "दाखला पाहिला" अशी करावी. मुलीचा आणि मुलाचा, दोघांचाही.

दोन. अठराच्या आतली असेल तर नुसतं "नाही" म्हणून दार लावू नये. का लग्न करताय ते विचारावं. फडावर जायचं असेल तर हंगामी वसतिगृह आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनाची वसतिगृहं आहेत, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय आहे. नाहीच जमलं तर नातेवाईक आहेत, गटातलं एखादं घर आहे. ग्रामसंघाच्या बैठकीत दसऱ्याच्या आधी बसून यादी करावी, कुणाची पोरगी यंदा एकटी राहणार. दसऱ्याच्या आधी, दिवाळीनंतर नाही.

तीन. ज्या गटाने असं काम सोडलं आणि त्याचा हप्ता अडला, त्या गटाला ग्रामसंघाने सांभाळून घ्यावं. आक्कांनी दोन कामांचे पैसे एकटीने भरले. ते ओझं एकटीचं नव्हतं, आपलं सगळ्यांचं होतं. हा ठराव आज मांडावा अशी मी अध्यक्षाताईंना विनंती करते. (इथे सचिव ताईंनी उभं राहून ठराव मांडला आणि सभेने हात वर करून तो मंजूर केला. संपादक)

रजिस्टर मी लेकीला परत देणार होते. ती म्हणाली, मागची पानं फाडून मला द्या, पुढची गटाकडे राहू द्या. मी म्हणाले, फाडायचं नाही. झेरॉक्स काढू.

तर आक्का, झेरॉक्स काढलीय. ताटं मोजून घेतलीत. चारशे अठ्ठ्याण्णव भरली, दोन कुठे गेली ते शोधतोय.

आता सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहूया.